पुन्हा तीच शंका आली तर

स्तनाच्या कर्करोगावरील उपचार संपले, गळालेले केस पुन्हा उगवले, बाई पुन्हा चुलीपाशी उभी राहू लागली, की घरातल्या माणसांना वाटते, संकट टळले. आप्तेष्ट भेटून जातात, उपकारस्मरणाची मिस्सा अर्पण केली जाते, इस्पितळाची फाइल माळ्यावर जाते आणि घर आपल्या नित्याच्या वाटेला लागते. त्या वाटेला पूर्णपणे न लागणारे घरात एकच माणूस असते, ते म्हणजे ती बाई स्वतः. आंघोळ करताना तिचा हात नकळत काखेकडे जातो. रात्री खोकल्याची उबळ आली, तर घरातली माणसे कूस बदलून झोपी जातात; ती मात्र पहाटेपर्यंत आढ्याकडे पाहत राहते.

वाचक बंधुभगिनींनो, आज मी या जागरणाविषयी लिहिणार आहे. आपल्या सीमाभागातील खेड्यांत धर्मगुरू म्हणून सेवा करताना अशा दोन भगिनींना मी जवळून पाहिले. पहिलीच्या बाबतीत मी चुकलो आणि त्या चुकीने शहाणा होऊन दुसरीच्या वेळी काही शिकलो. पहिली आज आपल्यात नाही. तिच्या यजमानांनी व दुसऱ्या भगिनीने स्वतः, हे लिहिण्यास संमती दिली आहे. नावे आणि गावे सांगण्याचे कारण नाही.

माझ्या तोंडचे एक वाक्य

पहिल्या भगिनीचे उपचार पूर्ण होऊन तीन वर्षे झाली होती. शस्त्रक्रिया, किमोथेरपी, रेडिएशन असे सर्व सोपस्कार तिने धीराने पार पाडले होते. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर ती चर्चच्या पायरीपाशी थांबली. महिनाभर पाठ दुखत होती. हळूच म्हणाली, "फादर, हे तेच तर नसेल?"

मला पुढच्या वाडीवर जायचे होते. मी म्हणालो, "बाय, भातलावणी नुकतीच झाली आहे, पाठ दुखणारच. देवावर भार टाक. काही होणार नाही." तिचा चेहरा उजळला. मला वाटले, मी तिला धीर दिला.

चार महिन्यांनी पाण्याची घागर उचलताना ती जागीच बसली आणि तिला उठता येईना. रोग पाठीच्या मणक्यात उतरला होता. इस्पितळात तिच्या पाठीला रेडिएशन दिले, हाडे बळकट करणारी इंजेक्शने सुरू केली, औषधे बदलली. दुखणे बरेच उतरले. त्यानंतर ती दोन वर्षांहून अधिक काळ जगली, लेकीच्या लग्नात मांडवात बसली. डॉक्टरांनी कुणालाही दोष दिला नाही. ते इतकेच म्हणाले, की हाडात गेलेला रोग मुळासकट क्वचितच निघतो; परंतु दुखणे सुरू झाले तेव्हाच ती आली असती, तर मणका खचण्यापूर्वी त्याला आधार देता आला असता आणि चार महिन्यांच्या वेदना कदाचित वाचल्या असत्या.

तिच्या महिन्याच्या मिस्सेनंतर तिच्या यजमानांनी मला एक गोष्ट सांगितली. त्या चार महिन्यांत ते तिला दोनदा म्हणाले होते, "चल, दाखवून येऊ." दोन्ही वेळा तिचे उत्तर एकच होते, "फादरांनी सांगितलंय, काही नाही म्हणून." हे सांगताना त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मला ते वाक्य इतके लागले नसते.

मी खोटे बोललो नव्हतो. परंतु जे मला ठाऊक नव्हते, ते ठाऊक असल्याप्रमाणे बोललो होतो. देवावर भार टाकणे याचा अर्थ डॉक्टरांकडे न जाणे, असा आपल्या धर्माने कधीही सांगितलेला नाही. बेन सिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात तर वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. सेमिनरीत तो अध्याय मी वाचला होता. चर्चच्या पायरीवर मात्र तो मला आठवला नाही.

गाठोड्यातल्या दोन बांगड्या

दुसऱ्या भगिनीच्या उपचारांना चार वर्षे होऊन गेली होती. रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी एवढेच औषध उरले होते. दर शनिवारी ती वेदीवरची फुले बदलीत असे. एका पावसाळ्यात ती यायची थांबली. चौकशी केली तेव्हा समजले, की तिने आपले अंथरूण बाहेरच्या खोलीत हलविले आहे आणि घरात कुणाशी फारसे बोलत नाही. मी घरी गेलो. ती वाळली होती आणि बोलताना खोकत होती.

"फादर, ते परत आलंय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? माझं अंग मला कळतं."

मी म्हणालो, "खोकला आहे, एवढंच तुझं अंग तुला सांगतंय, बाय. तो कशाचा आहे, ते अंग सांगत नाही. ते तपासल्यावाचून कळायचं नाही."

तेव्हा तिने सर्व सांगितले. खोकला सात आठवड्यांचा होता. संध्याकाळी अंगात कणकण येई. पहिल्या आजाराच्या वेळी गहाण टाकलेले शेत त्याच वर्षी सुटले होते आणि धाकट्या मुलाचे लग्न ठरले होते. आता पुन्हा इस्पितळ म्हणजे पुन्हा शेत, या धास्तीने ती गप्प राहिली. खोकल्याचा आवाज आत जाऊ नये, म्हणून अंथरूण बाहेर नेले. ट्रंकेतल्या दोन सोन्याच्या बांगड्या दोन रुमालांत निरनिराळ्या बांधून ठेवल्या होत्या, एक थोरल्या सुनेसाठी आणि दुसरी अजून घरात न आलेल्या धाकटीसाठी. कोणत्याही डॉक्टरांनी तिला तपासले नव्हते आणि तिने मात्र आपला निकाल लावून वाटणीही करून टाकली होती.

तिच्या परवानगीने मी त्याच संध्याकाळी तिच्या यजमानांना बोलावले. तो मनुष्य बराच वेळ खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "मला वाटलं, तू माझ्यावर रुसलीस."

दोघे एकाच घरात सात आठवडे दोन निरनिराळी दुःखे वाहत होती. लपविलेल्या भयाचा हा पहिला घाव असतो. रोग असो वा नसो, हा घाव बसतोच.

अकरा दिवस

छातीचा एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरा डाग दिसला. बातमी आमच्याआधी गावात पोहोचली आणि गावानेही निकाल लावला. डॉक्टरांनी मात्र निकाल लावला नाही. त्यांनी थुंकी तपासायला दिली, सीटी स्कॅन करून घेतला आणि दुर्बिणीची नळी श्वासनलिकेत घालून डागाजवळचा बारीकसा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठविला. अहवाल येईपर्यंत अकरा दिवस गेले.

हे वाट पाहण्याचे दिवस बायकांना शस्त्रक्रियेहूनही जड जातात. शस्त्रक्रियेच्या वेळी करायला काही असते. येथे फक्त थांबायचे असते. तिला सर्वांत नकोशी होती ती समजूत. "असं अभद्र बोलू नये", "मनाला लावून घेऊ नकोस" ही वाक्ये ऐकली, की ती पुन्हा गप्प होई. एक शेजारीण येऊन आपल्या बहिणीचे कसे परत आले, ते सविस्तर सांगून गेली. आधार दिला तो थोरल्या सुनेने, आणि तोही बोलून नव्हे. ती म्हणाली, "मामी, मलाही भीती वाटतेय." नंतर तिने गाईची धार काढण्याचे काम आपल्याकडे घेतले, भाकऱ्या थापण्याचे मात्र सासूकडेच राहू दिले. रोज दुपारी दोघी मिळून लग्नाचे तांदूळ निवडीत बसत. सासूला काम पुरवले पाहिजे आणि एकटे बसू देता कामा नये, हे त्या मुलीला कुणी शिकविले नव्हते.

बाराव्या दिवशी अहवाल आला. तो क्षयाचा होता. क्षय झाल्याचे ऐकून आनंदाने रडणारी बाई मी त्या दिवशी प्रथमच पाहिली. सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून औषधे मोफत मिळाली आणि सहा महिन्यांत उपचार पूर्ण झाले. घरातल्या सर्वांचीही तपासणी झाली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. क्षयावरील रिफॅम्पिसिन हे औषध टॅमॉक्सिफेनचे रक्तातील प्रमाण बरेच कमी करते. बाईने गोळीचे पाकीट डॉक्टरांपुढे ठेवले, म्हणूनच त्यांनी कर्करोगाच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन पुढचे ठरविले. कोणत्याही नव्या दवाखान्यात जाताना आपली चालू औषधे बरोबर न्यावीत, ती अशासाठी.

या गोष्टीवरून "बघा, काहीच नव्हते" असा बोध कुणी घेऊ नये. क्षयाचा तो डाग कर्करोगाचाही असू शकला असता. पहिल्या भगिनीची पाठ भातलावणीचीही असू शकली असती. बाहेरून पाहून दोन्ही सारखीच दिसत होती. बोध इतकाच, की तपासल्यावाचून निकाल लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. भ्यालेल्या बाईला नाही, गावाला नाही आणि धीर देणाऱ्या फादरलाही नाही.

भय म्हणजे भविष्यवाणी नव्हे

हे भय आपल्याच खेड्यातले किंवा आजचेच आहे, असेही नाही. फॅनी बर्नी नावाची एक इंग्रज कादंबरीकार आपल्या फ्रेंच यजमानांबरोबर पॅरिसला राहत होती. ३० सप्टेंबर १८११ रोजी तिच्या स्तनावर शस्त्रक्रिया झाली. नेपोलियनच्या सैन्याचे प्रसिद्ध शल्यचिकित्सक लारे हे ती करणाऱ्यांत होते. भूल देण्याचे शास्त्र तेव्हा नव्हतेच. पुढच्या वर्षी तिने आपल्या बहिणीला या प्रसंगाचे दीर्घ पत्र लिहिले आणि त्यात कबूल केले, की हे लिहितानाही डोके दुखू लागते आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याचे धैर्य आपल्याला होत नाही. तीच बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली आणि १८४० साली, सत्त्याऐंशी वर्षांची होऊन वारली.

शरीराने जे सोसले, ते शरीर विसरत नाही. इस्पितळाच्या औषधांचा वास, तपासणीची तारीख, शेजारणीच्या आजाराची बातमी, एवढ्या निमित्तानेही छाती धडधडू लागते, झोप उडते. हा श्रद्धेचा अभाव नव्हे किंवा मनाचा दुबळेपणाही नव्हे. त्याचप्रमाणे ती पुढच्या संकटाची चाहूलही नव्हे. भय म्हणजे मागच्या दुखण्याची आठवण. तिचे ऐकावे, तिला डॉक्टरांपर्यंत न्यावे. परंतु तिच्या सांगण्यावरून बांगड्या वाटू नयेत. हे भय आठवडेच्या आठवडे झोप आणि अन्न हिरावून घेत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे; त्यावरही उपाय आहेत.

काय पाहावे, कधी जावे

डॉक्टरांना विचारून व वाचून मी जे समजून घेतले, ते येथे थोडक्यात देतो.

उपचारानंतर अंगात अनेक बदल होतात आणि त्यांतले पुष्कळसे निरुपद्रवी असतात. शस्त्रक्रियेच्या व्रणाखाली चरबी कठीण होऊन गाठीसारखी लागते. रेडिएशननंतर काही महिने कोरडा खोकला येऊ शकतो. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे दुखतात आणि हाडे विरळ होतात. तरीही हे निरुपद्रवी आहे, हे ठरविण्याचे काम डॉक्टरांचे. साधा नियम असा, की जे नवे आहे आणि दोन आठवड्यांत जात नाही किंवा वाढतच चालले आहे, ते दाखवावे. व्रणाजवळ, काखेत, गळ्याच्या हाडावर किंवा दुसऱ्या स्तनात लागणारी नवी गाठ, थांबत नसलेला खोकला, विश्रांतीने न उतरणारे व रात्री वाढणारे हाडाचे दुखणे, कारणावाचून घटणारे वजन, या गोष्टी पुढच्या तारखेची वाट पाहत ठेवू नयेत. पाळी बंद झालेली व टॅमॉक्सिफेन घेणारी बाई असेल आणि पुन्हा रक्तस्राव दिसला, तर संकोच न करता सांगावे.

काही गोष्टींना मात्र दोन आठवडेही देऊ नयेत. पाठीच्या दुखण्याबरोबर पायांतली शक्ती जाऊ लागली, पाय बधिर झाले, लघवी अडली किंवा तिच्यावर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. अचानक दम लागणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, झटके येणे, उलट्यांसह न थांबणारी डोकेदुखी, डोळे पिवळे होणे, यांतही उशीर करू नये. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात लाल होऊन सुजला व ताप आला, तर तो बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि वेळीच औषध मिळाल्यास आटोक्यात येतो. म्हणून गवत कापताना, काट्याकुट्यांत हात घालताना किंवा काजूच्या बिया भाजताना त्या हाताला जपावे आणि त्यात घट्ट बांगड्या घालू नयेत.

शंका नसली तरी नियमाने जायचेच असते. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा, असा तपासणीचा सर्वसाधारण क्रम आहे. उरलेल्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी करावी. पाच वर्षे झाली म्हणजे सुटलो, असे सर्वांच्याच बाबतीत म्हणता येत नाही. काही प्रकारचा रोग दहा-पंधरा वर्षांनीही डोके वर काढतो. उलटपक्षी, काही त्रास नसताना केवळ मनाच्या समाधानासाठी पुन्हा पुन्हा सर्वांगाचे स्कॅन काढल्याने आयुष्य वाढत नाही, हेही अभ्यासांती दिसून आले आहे. तेव्हा तो पैसा डॉक्टरांनी सांगितल्यावाचून खर्चू नये.

आणि समजा, शंका खरी ठरली, तर? त्याच जागी किंवा दुसऱ्या स्तनात लवकर सापडलेल्या रोगावर बरे करण्याच्या उद्देशाने पुन्हा उपचार करता येतात. दूर पसरलेला रोग सहसा मुळापासून जात नाही. परंतु आजच्या औषधांनी तो पुष्कळांच्या बाबतीत वर्षानुवर्षे आवरून धरता येतो आणि वेदना तर निश्चितच कमी करता येतात. पहिल्या भगिनीने लेकीचे लग्न पाहिले, ते या औषधांमुळेच.

घरच्यांसाठी चार शब्द

बाई गप्प होते ती बहुधा पैशापायी. म्हणून हा विषय यजमानांनी आपण होऊन काढावा. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत इस्पितळात दाखल होऊन घेण्याच्या उपचारांचे संरक्षण आहे. राज्याराज्यांच्या स्वतंत्र योजनाही आहेत. कार्ड आजारापूर्वीच काढून ठेवावे. इस्पितळातील समाजसेवा विभागात विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

माळ्यावरची फाइल खाली काढावी. शस्त्रक्रियेचा कागद, गाठीचा तपासणी अहवाल, किमोथेरपी व रेडिएशनचा तपशील, जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्मा, सर्व एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पावसाचे पाणी ठिबकणार नाही अशा खुंटीला टांगून ठेवावे. जुनी फिल्म हाती असली, तर नवा डाग खरोखर नवा आहे की जुनाच, हे पुष्कळदा लगेच समजते. तपासणीला बाईला एकटी पाठवू नये. बरोबर जाणाऱ्याने प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरेही लिहून आणावीत, कारण भ्यालेल्या मनाला अर्धेच ऐकू येते.

आणखी एक सांगायचे आहे. फादरांना घरी बोलावले म्हणजे शेवट आला, असे आपल्याकडे अजूनही समजतात. तसे नाही. तैलाभ्यंग हा आजाऱ्यांसाठीचा संस्कार आहे, केवळ मरणाऱ्यांसाठीचा नव्हे. इस्पितळात जाण्यापूर्वी बोलावले, तर मी येईन. आल्यावर डॉक्टरांचे काम मात्र करणार नाही.

४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन आणि ५ फेब्रुवारी हा स्तनांच्या विकारांनी पीडित भगिनींची आश्रयदाती संत आगाथा हिचा सण. या दोन दिवसांच्या सुमारास आपल्या घरातील भगिनीची वार्षिक तपासणी झाली आहे की नाही, हे प्रत्येक घराने पाहावे, अशी माझी विनंती आहे.

दुसरी भगिनी शनिवारची फुले पुन्हा बदलू लागली आहे. मुलाचे लग्न झाले आणि रुमालातली बांगडी तिने नव्या सुनेच्या हातात स्वतः भरली. तपासणीची तारीख आली, की तिची झोप अजूनही उडते. फरक एवढाच, की आता ती ते यजमानांना सांगते. आणि चर्चच्या पायरीपाशी थांबून कुणी मला हळूच विचारले, "फादर, हे तेच तर नसेल?" तर मी खरे तेच सांगतो, "मला ठाऊक नाही, बाय. कधी दाखवायला जातेस, आणि बरोबर कोण येणार आहे?"